वर्गनायकाची वही

(शालेय विद्यार्थी-प्रतिनिधींच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जून महिना उजाडला की शाळांची दारे उघडतात. नव्या पुस्तकांचा वास ताजा असतानाच वर्गावर्गांतून एक छोटीशी निवडणूक पार पडते. कोठे हात वर करून, कोठे चिठ्ठ्या टाकून, तर कोठे वर्गशिक्षकांच्या एका शब्दाने वर्गनायक ठरतो. काही शाळांत त्याही पुढे जाऊन विद्यार्थी-मंत्रिमंडळ स्थापन होते. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री अशी खाती वाटली जातात, प्रार्थनेच्या वेळी शपथविधी होतो आणि छातीवर बिल्ला लागतो. घरी गेल्यावर आई तो बिल्ला कौतुकाने पुन्हापुन्हा पाहते. हा सोहळा एका दिवसात संपतो. त्यानंतरचे दहा महिने त्या बिल्ल्यामागच्या मुलाला काय शिकवून जातात, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

‘मॉनिटर’ कोठून आला?

वर्गनायकाला आपल्याकडे सर्रास ‘मॉनिटर’ म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतील आठवण देणे, सावध करणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. शब्द परका असला, तरी त्यामागील पद्धतीचे मूळ आपल्याच मातीत आहे. जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरविली जात. मोठा मुलगा पाढे सांगे, लहान मुले ते त्याच्यामागून म्हणत. पंतोजी एक आणि मुले अनेक, अशा स्थितीत अधिक शिकलेल्याने कमी शिकलेल्याला हात द्यावा, ही रीत आपोआपच रुळली होती.

१७८९ साली अँड्र्यू बेल हे धर्मोपदेशक मद्रासमधील एग्मोर येथील मुलांच्या अनाथाश्रमाची देखरेख करू लागले. देशी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना त्यांनी पाहिली आणि तोच प्रकार आपल्या शाळेत सुरू करावा असे ठरविले. शिक्षकांनी मनावर घेतले नाही, तेव्हा बेल यांनी ते काम आठ वर्षांच्या एका मुलाकडे सोपविले. त्याने आपल्याहून लहान मुलांना अक्षरे शिकविली आणि ती शिकली. पुढे इंग्लंडला परतल्यावर १७९७ साली बेल यांनी या प्रयोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. १७९८ साली जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये शाळा काढली आणि तेथेही मॉनिटरांच्या साहाय्याने शिकविण्याची पद्धत विकसित झाली. पुढे ती अनेक देशांत पसरली.

या इतिहासात आजच्या वर्गनायकासाठी पहिला धडा आहे. पहिल्या मॉनिटरच्या हाती छडी नव्हती, त्याच्यापुढे वाळू होती. त्याची नेमणूक झाली ती मागे राहिलेल्याला पुढे आणण्यासाठी. कालांतराने हे मूळ काम मागे पडले आणि गप्प बसविण्याचे काम तेवढे शिल्लक राहिले.

फळ्याच्या कोपऱ्यातील नावे

कोणत्याही खेड्यातील सातवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. वर्गात बेचाळीस मुले आहेत. गुरुजींना कार्यालयातून बोलावणे येते. जाता जाता ते वर्गनायकाला सांगतात, “बोलेल त्याचे नाव फळ्यावर लिहून ठेव.” वर्गनायक खडू हातात घेतो. क्षणभर वर्ग शांत होतो आणि मग हळूहळू कुजबुज सुरू होते.

पहिले नाव कोणाचे लिहिले जाते? बहुधा ज्याच्या रागावण्याची भीती नाही, अशा एखाद्या गरीब स्वभावाच्या मुलाचे. जो खरोखर दंगा करतो, तो अंगाने थोराड असतो. त्याचे नाव लिहिले तर शाळा सुटल्यावर वाटेत गाठ पडण्याचा धोका असतो. जो शेजारी बसतो तो जिवलग मित्र. त्याचे नाव लिहायला हात धजत नाही. गुरुजी परत येतात, फळ्यावरची तीन नावे वाचतात आणि शिक्षा देतात. कागदोपत्री सर्व काही नियमाप्रमाणे झालेले असते. परंतु बेचाळीस मुलांपैकी प्रत्येकाला ठाऊक असते, की नियम सर्वांना सारखा लागला नाही.

त्या दिवशी वर्गनायक घरी एकटा जातो. रोज बरोबर येणारी मुले पुढे निघून गेलेली असतात. ही लहानशी गोष्ट आहे आणि मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. पण शालेय नेतृत्वाचा सर्वांत कठीण धडा याच वाटेवर मिळतो. अधिकार मिळाला म्हणून विश्वास मिळत नाही. आणि एकदा केलेला पक्षपात लोक फार दिवस विसरत नाहीत.

आता दोन रस्ते संभवतात. एक म्हणजे अधिक कडक होण्याचा. त्या रस्त्याने गेलेला मुलगा वर्षअखेरीस गुरुजींचा लाडका आणि वर्गाला नकोसा होतो; चुगली म्हणजेच कर्तव्य असे त्याला वाटू लागते. दुसरा रस्ता चौकशीचा आहे. वर्गात गडबड का होते, हे वर्गनायकाने एकदा शांतपणे पाहिले, तर त्याला दिसते की काही मुलांची उदाहरणे आधीच सोडवून झालेली असतात आणि ती रिकामी बसलेली असतात. काहींना पहिलेच उदाहरण उमगलेले नसते आणि तीही रिकामी असतात. या दोघांची जोडी लावून दिली, ज्याचे झाले त्याने ज्याचे अडले त्याला सांगावे असे ठरविले, तर अर्धी गडबड आपोआप थांबते. उरलेली गडबड ही शिकण्याचीच असते. नाव लिहिण्याची वेळ आलीच, तर पहिले नाव आपल्या मित्राचे लिहिण्याची तयारी हवी. तेही त्याला आधी एकदा सावध करूनच. मॉनिटर या शब्दाचा मूळ अर्थ तरी हाच आहे.

साताऱ्याचे वसतिगृह

दुसरा धडा साताऱ्याच्या इतिहासात सापडतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ज्या काळात निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एका पंक्तीस बसणे हेच धाडस समजले जाई, त्या काळात या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट ही कामे मुले स्वतःच करीत. वसतिगृह चालले पाहिजे तर प्रत्येकाने आपला वाटा उचललाच पाहिजे, ही तेथील शिस्त होती.

अशा ठिकाणी केवळ आज्ञा देऊन कोणालाही पुढारी होता येत नाही. पाण्याची घागर प्रथम ज्याच्या खांद्यावर असते, त्याचे सांगणे इतर ऐकतात. वसतिगृहात काय किंवा शाळेत काय, हा अनुभव सारखाच आहे. मैदान स्वच्छ करण्याचा दिवस असेल, तर आरोग्यमंत्र्याने प्रथम खराटा हाती घ्यावा. शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर पाणी साचले असेल, तर तिथली दगडमाती हलविताना त्याचेच हात आधी मळावेत. आणि कामे वाटताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवे. झाडणे मुलींकडे आणि बाके हलविणे मुलांकडे, किंवा ठरावीक घरातील मुलांकडेच ठरावीक काम, अशी वाटणी नकळत होत असते. साताऱ्याच्या त्या वसतिगृहाने शतकापूर्वी जी भिंत पाडली, ती आपल्या वर्गात पुन्हा उभी राहत नाही ना, हे पाहणे वर्गनायकाचे काम आहे.

सेवाग्रामची आमसभा

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली आणि महात्मा गांधींची ‘नई तालीम’ देशापुढे आली. हाताने केलेल्या उत्पादक कामातून शिक्षण, हे तिचे सूत्र होते. आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्राम येथे ही शाळा अनेक वर्षे चालविली. तेथे मुलांची स्वतःची आमसभा असे. मुले आपल्यातून मंत्री निवडीत; स्वयंपाकघर, सफाई, आरोग्य अशी कामे त्यांच्याकडे असत आणि मंत्र्यांनी आपण काय केले याचा अहवाल सभेपुढे ठेवावा, अशी पद्धत होती.

निवडणूक आणि शपथविधी यांचे अनुकरण आपल्या शाळांनी चांगले केले आहे. अहवालाचे अनुकरण मात्र फारसे झाले नाही. वास्तविक मंत्रिमंडळ या कल्पनेचा प्राण अहवालातच आहे. ज्यांनी निवडून दिले त्यांच्यापुढे उभे राहून “हे सांगितले होते, एवढे झाले, एवढे राहिले, आणि राहण्याचे कारण हे,” असे चार वाक्यांत सांगता येणे, ही फार मोठी विद्या आहे. ती बाराव्या-तेराव्या वर्षी अंगवळणी पडली, तर पुढे सरपंच झाल्यावर ग्रामसभेत उत्तर देताना त्या व्यक्तीचा आवाज चढणार नाही.

यासाठी खर्च काहीच नाही. एक साधी वही पुरते. डाव्या पानावर काय करायचे ते आणि उजव्या पानावर काय झाले ते लिहावे. महिनाअखेरीस दहा मिनिटे वर्गापुढे वाचून दाखवावे. प्रश्न विचारण्याची मुभा सर्वांना असावी आणि सर्वांत शेवटच्या बाकावरच्या मुलाला ती प्रथम द्यावी.

वर्गणीचा हिशेब

या वहीतील सर्वांत नाजूक पान पैशाचे असते. दहावीच्या निरोप समारंभासाठी किंवा सरस्वतीपूजनासाठी मुले स्वखुशीने वर्गणी काढतात. बेचाळीस मुलांनी प्रत्येकी वीस रुपये द्यायचे ठरले, तर आठशे चाळीस रुपये जमावयास हवेत. प्रत्यक्षात सदतीस मुलांनी दिले, म्हणजे सातशे चाळीस जमले. खर्च सातशे पंधरा झाला आणि पंचवीस रुपये उरले. हा हिशेब फळ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिला गेला पाहिजे. दुकानदाराची पावती वहीला जोडली गेली पाहिजे. आणि उरलेल्या पंचवीस रुपयांचे काय करायचे, हे वर्गाने ठरविले पाहिजे.

पण ज्या पाच जणांनी वर्गणी दिली नाही, त्यांचे काय? येथे वर्गनायकाची खरी परीक्षा आहे. त्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचा मोह होतो. हिशेब चोख हवा, असे कारणही हाताशी असते. परंतु त्या पाचांपैकी एखाद्याच्या घरी त्या आठवड्यात मजुरी मिळालेली नसते, एखादीचा बाप अंथरुणाला खिळलेला असतो. पैसा किती आला आणि कोठे गेला, हे सर्वांना कळले पाहिजे. कोणाला देता आले नाही, हे सर्वांना कळण्याचे कारण नाही. त्या पाचही जणांच्या हातात प्रसाद तितक्याच सहजपणे पडला पाहिजे. सार्वजनिक हिशेब आणि माणसाची लाज या दोहोंची राखण एकाच वेळी करता येते, हे ज्याला शाळेत समजले, त्याला पुढे कोणत्याही कार्यालयात बसविले तरी चिंता नाही.

तक्रार पोहोचविणे

प्रतिनिधी हा दोन तोंडांचा दुवा आहे. गुरुजींचे म्हणणे तो वर्गापर्यंत नेतो. वर्गाचे म्हणणे गुरुजींपर्यंत नेणे हेही त्याचेच काम आहे. पहिले काम सोपे असते, दुसऱ्याला धीर लागतो. “पाण्याच्या टाकीला झाकण नाही,” “मुलींच्या शौचालयाच्या दाराला कडी नाही,” “माध्यान्ह आहारातील डाळ चार दिवस पातळ येत आहे,” ही वाक्ये मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे राहून उच्चारणे सोपे नाही. ती उच्चारण्याची एक रीत आहे. ऐकीव गोष्ट सांगू नये. आधी स्वतः पाहावे. तारीख टिपून ठेवावी. कोणावर आरोप न करता काय हवे ते सांगावे. आणि एकट्याने न जाता दोघा-तिघांनी जावे.

राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे ‘बेअरफूट कॉलेज’ या संस्थेने रात्रशाळा चालविल्या. दिवसा गुरे राखणारी मुले तेथे रात्री कंदिलाच्या उजेडात शिकत. १९९०च्या दशकात या मुलांची बालसंसद आकाराला आली. मुलांनी मतदानाने निवडलेले प्रतिनिधी शाळांची पाहणी करीत. शिक्षक वेळेवर येतात की नाही, पिण्याचे पाणी आहे की नाही, हे पाहून मोठ्यांपुढे मांडीत. आपल्या शेजारच्या कर्नाटक राज्यात २००६ पासून ग्रामपंचायतींनी मुलांच्या ग्रामसभा भरवाव्यात, अशी व्यवस्था करण्यात आली. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली संमत केलेल्या आणि भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमातही, मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत वयानुसार लक्षात घेतले जावे, असे म्हटले आहे.

येथे ग्रामस्थ आणि अधिकारी यांना एक नम्र सूचना करणे अगत्याचे आहे. मुलाने आणलेली तक्रार लहान दिसते, पण तिला मिळालेले उत्तर तो मुलगा आयुष्यभर लक्षात ठेवतो. टाकीचे झाकण आठ दिवसांत बसले, तर सांगून काम होते असे तो शिकतो. झाकण बसविणे शक्य नसेल आणि कारण सांगून तसे कळविले, तरीही तो काहीतरी शिकतो. पण हसून पाठ थोपटली आणि पुढे काहीच झाले नाही, तर बोलण्याचा उपयोग नसतो, हाच धडा पक्का होतो. पुढे ग्रामसभेला माणसे का येत नाहीत, असा प्रश्न आपण विचारतो, तेव्हा त्याचे एक उत्तर शाळेच्या त्या उघड्या टाकीत पडलेले असते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. तीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले आहे. विद्यार्थी-प्रतिनिधींची यादी या समितीपुढे नियमाने वाचली गेली, तर दोघांचेही बळ वाढेल.

गुरुजनांसाठी दोन शब्द

वर्गात पहिला येणारा तोच दरवर्षी वर्गनायक, ही प्रथा सोयीची आहे. पण तिने उरलेल्या एकेचाळीस मुलांची संधी जाते. गुप्त मतदानाने निवड करावी आणि एकदा निवड झाल्यावर ती आपल्याला रुचली नाही, म्हणून बदलू नये. मुलांकडून चुका होतील. सहलीच्या यादीत एखादे नाव राहील, समारंभात हार वेळेवर येणार नाही. त्या वेळी काम हातातून काढून घेण्यापेक्षा चूक वहीत लिहावयास सांगावे. शिस्तीचे ओझे मात्र मुलाच्या खांद्यावर टाकू नये. शिक्षा देणे हे शिक्षकाच्याही हाती मर्यादितच असावे. मुलाच्या हाती ते मुळीच असू नये.

बिल्ला उतरविताना

मार्च-एप्रिलमध्ये वर्ष संपते आणि बिल्ला उतरतो. पुढच्या जूनमध्ये दुसरा कोणी निवडून येतो. कालचा वर्गनायक आज सर्वांबरोबर बाकावर बसतो आणि ज्याला त्याने वर्षभर सूचना दिल्या, त्याच्या सूचना पाळतो. जो उमेदवार तीन मतांनी पडला, तोही त्याच बाकावर असतो. हा शेवटचा धडा पुष्कळ थोरामोठ्यांनाही साधत नाही. जाताना वही नव्या वर्गनायकाच्या हाती द्यावी, राहिलेली कामे समजावून सांगावीत आणि त्याच्या चुकांची वाट पाहत बसू नये. पडलेल्याने विजयी झालेल्याला पहिला हात द्यावा.

गोव्यापुरते बोलावयाचे, तर मुक्तीनंतर १९६२ साली पंचायतींच्या आणि डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेच्या पहिल्या निवडणुका प्रौढ मताधिकाराने झाल्या. त्या वेळी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली कितीतरी माणसे सार्वत्रिक मताधिकाराने प्रथमच मतदानाच्या रांगेत उभी राहिली. आजच्या मुलाला ती संधी वर्गातच मिळते. १९८८ साली झालेल्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले. सातवीतल्या मुलाला त्यासाठी अवघी पाच-सहा वर्षे उरतात. कोणाला मत द्यावे, हे त्याला तेव्हा कोणी शिकवू नये. निवडून आलेल्याला हिशेब कसा विचारावा, हे मात्र तोपर्यंत त्याला आलेले असावे.

बिल्ला कालांतराने गंजतो, कोठेतरी हरवतो. वही जपून ठेवावी. पुढे केव्हातरी ती उघडली तर तीत काही खाडाखोड दिसेल, काही कामे अपुरी दिसतील. पण त्या प्रत्येक ओळीखाली आपल्या सोबत्यांपुढे उभे राहून उत्तर दिल्याचे समाधान असेल. येथे जमलेल्या प्रत्येक विद्यार्थी-प्रतिनिधीच्या वहीला असे एक तरी पान लाभो, हीच शुभेच्छा.